तात्यांच्या मशीनला हलकी सिस्टीम

माझ्या दुकानात गिऱ्हाईक येतं, पोत्यात गुंडाळलेला कॉम्प्युटर टेबलावर ठेवतं, खुर्ची ओढून बसतं आणि गप्प राहतं. काय झालंय असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "ते तुमीच बघा की." आमच्या भागात डॉक्टरपुढंही माणसं अशीच बसतात. दुखणं आपणच सांगून टाकलं तर समोरच्याला काही येतं का नाही हे कळायचं कसं, असा त्यामागचा विचार. सुरुवातीला मला याचा संताप यायचा. मग मीही हट्टाला पेटले आणि विचारणंच सोडलं. यंत्र खोलायचं, बघायचं, दुरुस्त करायचं, हातात द्यायचं. त्यांनी सांगू नये, मी विचारू नये, अशी बारामतीत माझी बावीस वर्षं बरी गेली. या सवयीनं एकदा मला तोंडघशी पाडलं. तेच लिहायला बसले आहे, पण आधी धंद्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं नीट कळायचं नाही.

मी मूळची निरवांगीची. आमच्या आबांची मेंढरं होती. ती विकून त्यांनी डाळिंब लावलं आणि मला इंदापूरला टायपिंगच्या क्लासला घातलं. पुढं बारामतीत नऊ वर्षं मी टायपिंग शिकवलं. मग टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, आणि क्लासच्या मालकांनी मला सांगितलं की हे डबे बिघडले तर दुरुस्त करणारा पुण्याहून येतो, तेव्हा तुम्हीच शिका. शिकले. दुकान टाकलं तेव्हा पहिलं वर्षभर येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, मालक कुठं गेलेत. मी हातातला स्क्रूड्रायव्हर न ठेवता सांगायचे की मालक समोर बसल्यात, बोला.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हे मी गिऱ्हाइकाला एका दमात सांगते. कॉम्प्युटर म्हणजे घर आणि सिस्टीम म्हणजे घरातली कारभारीण. कुणी कुठं बसायचं, कुणाला किती वाढायचं, दार कुणाला उघडायचं, सगळं तिच्या हातात. आता घर दोन खोल्यांचं, आणि नवी कारभारीण आली ती पलंग, कपाटं, नोकरचाकर घेऊन. ती मावते कशीबशी, पण घरातल्यांना पाय पसरायला जागा उरत नाही. जुना कॉम्प्युटर हळू झाला म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा असंच झालेलं असतं. यंत्र म्हातारं झालेलं नसतं, कारभारीण जड झालेली असते. तिच्या जागी हलकी सिस्टीम घातली तर तेच यंत्र आणखी पाच-सहा वर्षं सुखानं चालतं. या हलक्या सिस्टीम बहुतेक लिनक्सच्या घराण्यातल्या, आणि फुकट मिळणाऱ्या. फुकट म्हटलं की गिऱ्हाईक लगेच खुर्ची मागं सरकवतं, म्हणून ते मी शेवटी सांगते.

निवड कशी करायची, याचं गूढ काही नाही. आधी मेमरी बघायची. मेमरी म्हणजे कामाचं टेबल. चार जीबी असेल तर जरा नटवी सिस्टीमही चालते, दोन असेल तर साधी साडी नेसलेली हवी, आणि एकच असेल तर अगदी घरच्या कपड्यातली. मग प्रोसेसर बत्तीस बिटचा, म्हणजे जुन्या घडणीचा आहे, का चौसष्टचा ते बघायचं, कारण बत्तीसवाल्या घरात हल्ली फार कमी जणी नांदायला तयार होतात. मग ती सिस्टीम पेनड्राइव्हवर घालून, आतलं काही न पुसता, नुसती चालवून बघायची. आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, वायफाय धरतं का. सगळं जमलं तरच जुनं पुसायचं. माझ्याकडं असे सात पेनड्राइव्ह एका जुन्या हळदीकुंकवाच्या डबीत असतात.

हळदीकुंकवावरून आठवलं. आमच्याकडं खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा होते, आणि ती मनापासून होते. दसरा झाला की पुढचा आठवडाभर मी यूएसबीच्या खाचांतून कुंकू काढत असते. वडगाव निंबाळकरकडच्या एका शाळेत दहा कॉम्प्युटर होते, कुणीतरी दिलेले, जुने. हेडमास्तरांनी ते खराब होऊ नयेत म्हणून खोलीला कुलूप घातलेलं, आणि वर्षातून एकदा पूजेला उघडायचे. दहाही यंत्रांच्या पंख्यात उदबत्तीची राख आणि अक्षता. मी ते साफ करून दहांत एकसारखी हलकी सिस्टीम घातली आणि कुलूप माझ्या पर्समध्ये टाकून निघून आले. हेडमास्तरांनी दोनदा फोन केला. मी ते अजून परत केलेलं नाही.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर विंडोज दहाला सुरक्षेचे नवे अपडेट येणं बंद झालं आणि माझ्याकडं रांग लागली. चांगले धट्टेकट्टे कॉम्प्युटर लोक भंगारात द्यायला निघाले होते. सणसरचे एक बागायतदार आले. ढोबळी मिरचीच्या शेडनेटवरचे कॅमेरे तेवढे बघायचे होते. त्यांना हलकी सिस्टीम घालून दिली, झक्क चालू लागली. तिसऱ्या दिवशी मशीन घेऊन परत. का, तर निळ्या खिडकीचं चित्र गेलं, म्हणजे आतलं खरं इंजिन तुम्ही काढून घेतलं. मी त्यांच्याच मोबाइलमधला त्यांच्या मिरचीचा फोटो पडद्यावर लावून दिला. ते समाधानानं घरी गेले आणि आता चार गावांत माझं नाव सांगत फिरतात.

आता तात्यांकडं येते.

दर बुधवारी मी सकाळच्या एसटीनं इंदापूरला जाते. तहसील कचेरीसमोर माझ्या मैत्रिणीचं, सुनंदाचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं एक टेबल मांडून बसते. तालुक्यातले कॉम्प्युटर तिथं माझ्याकडं येतात. कचेरीच्या कुंपणाला लागून पत्र्याची शेड आहे, ती सोपानतात्यांची. तात्या अर्जनवीस. वारस नोंद, शेतरस्ता, विहिरीतला हिस्सा, रेशनकार्डातलं नाव, जे काही सरकारला सांगायचं ते लोक तात्यांना सांगतात आणि तात्या ते सरकारला समजेल असं लिहून देतात. आधी टाकानं लिहायचे, मग टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. सत्तरी ओलांडली होती, पण बोटं अशी चालायची की मी टेबलावरचं काम थांबवून ऐकत बसायचे. टायपिंग शिकवलेल्या बाईला तो आवाज कळतो.

तात्यांचा एक नेम सगळ्या तालुक्याला ठाऊक होता. अर्ज छापून झाला की कागद ज्याचा त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, मोठ्यानं वाच. वाचल्याशिवाय सहीला पेन मिळायचं नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी बाकावरच्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला लावायचं. चुकलं असेल तर तिथंच दुरुस्त करून पुन्हा छापायचं. लोक म्हणायचे, असा सचोटीचा माणूस न्हाय, ह्यो कुणाला डोळं झाकून सही करू देत न्हाय. मलाही त्याचं फार कौतुक होतं.

तर दोन वर्षांपूर्वी तात्यांनी निरोप धाडला. मशीन सुरू व्हायला पाव तास घेत होतं आणि मधेच थिजत होतं. मी बघितलं. दोन जीबी मेमरी, आत कुठल्या जमान्यातली चोरटी विंडोज, जी कधी काळी मीच घालून दिली होती, हे कबूल करते. हार्ड डिस्क खडखडत होती. ती आज जाईल का उद्या, एवढाच प्रश्न होता. मी म्हटलं, तात्या, बारामतीला नेऊन नवं करून आणते.

त्यांनी खडखडणाऱ्या मशीनवर हात ठेवला. मग म्हणाले, "ताई, हाय तसंच ऱ्हाऊ द्या. फकस्त बंद पडू देऊ नका."

मी हसले. म्हाताऱ्या माणसांना नव्याची धास्ती असते, एवढाच त्याचा अर्थ घेतला. का, असं विचारलं नाही. विचारायची सवयच नव्हती.

त्या मशीनवर मी दोन दिवस मन लावून काम केलं. खडखडणारी डिस्क काढून नवी बसवली, जिच्यात फिरणारं काही नसतं आणि म्हणून आवाजही नसतो. दोन जीबीत बसेल अशी हलकी सिस्टीम निवडली, पेनड्राइव्हवर चालवून बघितली, तात्यांकडच्यासारखा प्रिंटर सुनंदाकडून मागवून जोडून बघितला. त्यांचे अर्जाचे सगळे नमुने जुन्या फाँटमधून नव्यात उतरवले. कीबोर्डची मांडणी त्यांच्या हातातली, टाइपरायटरचीच ठेवली. त्यात मी चुकणं शक्य नव्हतं. पडद्यावर चाळीसेक फायली अस्ताव्यस्त पडल्या होत्या. त्या तीन फोल्डरमध्ये लावून टाकल्या. सुरू होताना वाजणारी ती जुनी धून काढून टाकली, कारण मला ती आवडत नाही. मशीन वीस सेकंदांत उघडायला लागलं. असं काम झालं की मी एकटीच दुकानात चहा मागवून पिते. तसा प्याले.

बुधवारी नेऊन जोडलं. तात्यांनी कीबोर्डवर हात ठेवले, मान हलवली, छान झालं म्हणाले. चहा पाजला. मी खुशीत एसटीत बसले.

पुढच्या बुधवारी शेडला कुलूप. त्याच्या पुढच्या बुधवारी तात्या बसलेले, पण मशीनवर कापड. आलेल्या माणसाला म्हणत होते की मशीन बिघडलंय, शेजारच्या टपरीतल्या अर्जवाल्याकडं जा. सुनंदानं मला हळूच सांगितलं की गावभर झालंय, बारामतीच्या मॅडमनं तात्यांचं चालतं मशीन वाटोळं केलं. दोघं-तिघं माझ्याकडं कॉम्प्युटर आणणार होते, ते दुसरीकडं गेले.

माझं डोकं फिरलं. माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं तर मला सहन होत नाही, हा माझा स्वभाव आहे आणि तो काही आता बदलणार नाही. तशीच उठले आणि शेडमध्ये गेले. बाकांवर पाच-सहा माणसं होती. त्यांच्यादेखत कापड ओढलं, मशीन चालू केलं. वीस सेकंदांत उघडलं. प्रिंटर लावून बघितला, तोही ठीक. मग मी चढ्या आवाजात म्हणाले की तात्या, ह्याला काहीही झालेलं नाही. हे घ्या, माझ्यासमोर एक अर्ज लिहून दाखवा.

तात्यांनी खुर्ची पुढं घेतली. खाली जाणारा बाण ठराविक वेळा दाबला, एंटर मारलं, जरा थांबले, आणि बोटं सुरू झाली. तोच वेग, तोच ताल. मी त्यांच्या मागं उभी होते, म्हणून पडदा मला दिसत होता. बाकांवरच्यांना दिसत नव्हता. पडद्यावर काहीच उघडलेलं नव्हतं. मी लावलेलं फुलांचं चित्र, त्यावर माझी तीन नीटनेटकी फोल्डरं, आणि तात्या त्या चित्राकडं एकाग्र बघत, एकही अक्षर न थांबता, भराभर अर्ज लिहीत होते.

मला कळायला किती वेळ लागला सांगता येत नाही. ओळ संपली तसा त्यांचा हात सवयीनं थबकला आणि पुन्हा चालू लागला.  आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी पुढं झाले आणि पडद्याचं बटण बंद केलं. बाकांकडं वळून म्हणाले, "मशीनच बिघडलंय. माझ्याकडनं चूक झाली."

जेवायच्या सुट्टीत शेड रिकामी झाली तेव्हा तात्या बोलले. काचबिंदू. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही धुकटलं. दोन डॉक्टर झाले होते, गेलेलं परत येत नाही म्हणाले होते. पुण्यात मुलगा होता. त्याला सांगितलं तर तो घेऊन जाईल आणि चौथ्या मजल्यावर बसवून ठेवील, हे त्यांना नको होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट त्यांनी एका वाक्यात सांगितली. "जमिनीचा कागूद आंधळ्याकडनं कोण लिहून घील, ताई?"

मग मशीन कसं चालवत होते तेही सांगितलं. सुरू होतानाची धून संपली की पडदा आला असं समजायचं. चाळीस फायली अस्ताव्यस्त नव्हत्या, त्यांनी बोटांनी मोजून ठेवल्या होत्या: तीन वेळा खाली गेलं की वारस नोंद, सात वेळा गेलं की रस्ता. फाईल उघडताना डिस्क खरखरायची, ती थांबली की लिहायला घ्यायचं. आमचे आबा मेंढरं पांगली की डोळे मिटून घंटांचे आवाज ऐकायचे आणि कुठलं मेंढरू कुठं आहे ते सांगायचे, तसं तात्या त्या खडखडणाऱ्या डिस्कवरून सगळं ओळखत होते. आणि मी आवाज काढून टाकला, मोजणी मोडली, धून पुसली. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून सगळे डबे आपल्या मनानं लावून यावं, तसलं ते काम. ज्याचं त्यानं मोठ्यानं वाचायचं, हा नेमही आता मला समजला. चुका शोधायला त्यांच्याकडं दुसरे डोळे नव्हते. तात्यांनी आधी का सांगितलं नाही, म्हणून मला रागही आला. पण मी तरी कुठं विचारलं होतं?

मी विचारलं, दोन आठवडे मला बोलला का नाहीत? ते म्हणाले की तुम्ही एवढ्या हौसेनं करून आणलं होतं.

मग नव्यानं सुरुवात केली. जुनी डिस्क तोवर मेली होती, तेव्हा मागं जाणं नव्हतं. मी आधी बोलणारी सिस्टीम सुचवली. पडद्यावरचं वाचून दाखवते, एका कानात इअरफोनचं बटण घालायचं की झालं. तात्यांनी ती दोन दिवस वापरली आणि नको म्हणाले. कानात कुणी नाकात बोलत असलं की समोरची बाई काय सांगते ते ऐकू येत नाही, आणि त्यांचं काम ऐकण्याचं होतं. बरोबर होतं ते.

मग विचार केला की ज्याला पडदा दिसतच नाही त्याला पडद्यावरचं काहीही कशाला हवं? चित्र, फोल्डर, खिडक्या, सगळं काढलं. लिनक्सच्या घराण्यातली सगळ्यात लहान सिस्टीम घेतली, जी अर्ध्या जीबीतसुद्धा अंग चोरून राहते. कीबोर्डच्या वरच्या ओळीतल्या बारा बटणांना बारा नमुने जोडले. बटण दाबलं की थेट अर्जाचं पान उघडतं आणि एकदा टुण्ण वाजतं. छापायला गेलं की दोनदा, चुकीचं बटण दाबलं की घोगरा आवाज. सुरू होतानाची धून शोधून परत घातली. बटणं चाचपून ओळखता यावीत म्हणून चौथ्या आणि आठव्या बटणावर माझ्या कपाळाच्या टिकल्या चिकटवल्या, खड्याच्या. त्यानंतर चार बुधवार मी तात्यांच्या शेजारी बसून नुसतं बघितलं. कुठं बोट अडखळतं, कुठं थांबावं लागतं. जे अडखळलं ते बदललं. बावीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या शेजारी बसून त्याचं काम बघायचं मला कधी सुचलं नव्हतं. आता मी तसं केल्याशिवाय कुणाचीच सिस्टीम बदलत नाही, आणि दुखणं काय ते स्पष्ट विचारते. लोक अजूनही तुमीच बघा म्हणतात. मी म्हणते, बघते, पण तुमी वापरून दाखवा.

तात्यांची शेड पुन्हा चालू झाली. मी कुणाला काही बोलले नाही, सुनंदालासुद्धा. बारामतीच्या मॅडमनं आधी बिघडवलं आणि मग झक मारत दुरुस्त केलं, अशी गावात गोष्ट झाली आणि तशीच राहिली. माझं इंदापूरचं काम निम्म्यावर आलं. मला ते लागायचं. एसटीत कुणी ओळखीचं हसलं तरी वाटायचं, ह्यावरूनच हसतंय. शिवाय रात्रंदिवस दुसरं एक टोचत होतं. जमिनीचे कागद होते ते. बाकावरच्या माणसानं वाचताना एखादी चूक नजरेआड केली तर? तात्यांचं झाकून ठेवण्यात मी बरोबर केलं का, ते मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून बुधवारी मी काही ना काही निमित्त काढून शेडमध्ये जाऊन बसायचे आणि छापलेले कागद चाळायचे. चूक दिसली तर हळूच कानात सांगायचे.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. शेड भरलेली होती. पुढच्या बाकावर निमगावकडच्या पारूबाई होत्या. नवरा वारला होता, जमिनीला वारस म्हणून नाव लावायचं होतं. तात्या त्यांचं ऐकून घेत होते आणि लिहीत होते. मी आत आले तसा मागच्या बाकावरचा एक जण, दूधवाला गडी, मोठ्यानं म्हणाला की मॅडम, आता आणखी काय बिघडवायला आलाय? सगळे हसले. माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं. मी ते गिळलं आणि स्टूल ओढून बसले.

तात्यांची बोटं थांबली.

त्यांनी कीबोर्डवरून हात उचलून मांडीवर ठेवले आणि आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. "मशीन ह्यांनी बिघडवलं न्हवतं," ते म्हणाले. "मला दिसत न्हाय. लई दिस झालं. त्यांनी माझ्यापायी बोल खाल्ला, आन मी खाऊ दिला."

 तात्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, अर्ज वाचून दाखवावा तसा.  ते पुढं म्हणाले की ज्यांना आंधळ्याकडून कागद लिहून घ्यायचा नसेल त्यांनी खुशाल शेजारी जावं, आपला राग नाही.

दूधवाला उठला. आणखी दोघं उठले. शेजारच्या टपरीचं बाक सरकल्याचा आवाज आला, तो तात्यांनीही ऐकला असणार. बाकीचे बसून राहिले, पण एकमेकांकडं बघत होते. तात्यांनी समोर तोंड वळवून विचारलं की पारूबाई, तुमी?

पारूबाईंनी पदर नीट केला. "मला तरी कुठं वाचाया येतंय, तात्या," त्या म्हणाल्या. "लिवा तुमी."

 तात्यांनी रुमालानं डोळे पुसले, टिकलीचं बटण चाचपलं, आणि बोटं पुन्हा चालू झाली. दोनदा टुण्ण वाजलं. कागद बाहेर आला तसा त्यांनी तो माझ्या दिशेनं धरला आणि म्हणाले, ताई, तुमी वाचा, मोठ्यानं.

मी वाचायला लागले. तिसऱ्या ओळीत 'मयत' हा शब्द दोनदा पडला होता. नेहमीच्या सवयीनं मी कानाशी वाकले. तात्यांनी मान मागं घेतली.

"मोठ्यानं सांगा," ते म्हणाले.

मी मोठ्यानं सांगितलं. तात्यांनी बाणानं ओळी मोजल्या, एक, दोन, तीन. मी जागा सांगितली तसा जादाचा शब्द सगळ्यांसमोर पुसला आणि पुन्हा छापायला दिलं. बाकांवरचे वाट बघत बसले होते. नवा कागद आला तो मी घेतला आणि पारूबाईंना पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचून दाखवू लागले.